चारचौघात बोलायची भीती आणि कॉन्फिडन्स: नाशिकमधून सारखे येणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये दर शनिवारी एक छोटा सरावगट घेते, चारचौघात बोलायची भीती असलेल्यांसाठी. कॉलेजची पोरंपोरी येतात, अंबड-सातपूरच्या कंपन्यांतले लोक येतात, पोरं मोठी झाली आता स्वतःसाठी काहीतरी करू म्हणणाऱ्या ताया येतात, आणि सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. औषधाचं जिथे आलंय तिथे डॉक्टरांकडेच जा म्हणून सांगितलंय.

मी नुसता लाजाळू आहे की मला सोशल अँग्झायटी आहे, हे कसं कळणार?

लाजाळू माणूस लग्नाला जातो, थोडा वेळ बाजूला उभा राहतो, मग कोणीतरी ओळखीचं भेटतं, रुळतो, जेवून घरी येतो. सोशल अँग्झायटी असलेला माणूस पत्रिका हातात पडली त्या दिवसापासून न जायचं कारण शोधत असतो, गेलाच तर पूर्ण वेळ आपण कसे दिसतोय हेच डोक्यात असतं, आणि घरी आल्यावर दोन दिवस तेच चघळत बसतो. डॉक्टर साधारण हे बघतात की ही भीती सहा महिने किंवा जास्त काळ टिकून आहे का आणि तिच्यामुळे शिक्षण, नोकरी, नाती अडतायत का. ओरल परीक्षा आहे म्हणून वर्षच ड्रॉप केलं, प्रमोशन मिळत होतं पण टीमसमोर बोलावं लागेल म्हणून नको म्हटलं, असं काही होत असेल तर तो नुसता स्वभाव नाही. बहुतेकांचं हे वयात येताना, शाळेतच सुरू होतं, आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आजारांच्या यादीत याला वेगळी जागा दिली, त्यामुळे "हे आजकालच्या पोरांचं नवीन फॅड आहे" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

छाती धडधडते, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते. हार्टचा काही प्रॉब्लेम नसेल ना?

बहुतेक वेळा नसतो, अ‍ॅड्रिनॅलिन वाढलं की शरीर असंच वागतं. पण धडधड एकटं बसल्यावर पण होत असेल, वजन उतरत असेल, हात सारखेच थरथरत असतील तर फॅमिली डॉक्टरांना दाखवून थायरॉईडची टेस्ट करून घ्या, कारण थायरॉईड जास्त झाला तरी हेच सगळं होतं.

सगळे माझ्याकडेच बघतायत असं का वाटतं?

कारण तुम्ही स्वतःकडे बघताय, आणि मनाला वाटतं बाकीचे पण तेच करतायत. अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत यावर एक मस्त प्रयोग झाला होता, २००० साली तो छापून आला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांना वाटलं निम्म्या लोकांच्या तरी. खरं तर जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं, म्हणजे मुद्दाम लाज वाटेल असं घातलं तरी चारातल्या तिघांना पत्ता नाही. तुमचा आवाज जरासा कापला ते किती जणांना कळत असेल ते आता तुम्हीच बघा.

आधी थोडा कॉन्फिडन्स येऊ दे, मग बोलेन. असंच करायला पाहिजे ना?

नाही, आणि मला या पूर्ण पानातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच आहे. कॉन्फिडन्स आधी येत नाही. आधी भीतीसकट करायचं, मग कॉन्फिडन्स येतो, तोही सगळा एकदम नाही, त्या एका गोष्टीपुरता. ज्यांना आपण एकदम बिनधास्त समजतो त्यातले कितीतरी जण धडधड घेऊनच स्टेजवर चढतात, फक्त धडधड आहे म्हणून खाली उतरत नाहीत.

आमच्या गटात यासाठी एक साधी वही वापरतो. दोन रकाने. डावीकडे जायच्या आधी लिहायचं की काय होईल असं वाटतंय, उजवीकडे आल्यावर लिहायचं की काय झालं. एका मुलाला मेनरोडच्या दुकानात शर्ट बदलून आणायचा होता, साईज लहान निघाली होती, आणि तो शर्ट कित्येक दिवस पिशवीत तसाच पडून होता. त्याने डावीकडे लिहिलं, "दुकानदार सगळ्यांसमोर ओरडेल, म्हणेल घालून आणलाय, मला बोलता येणार नाही आणि मी तसाच परत येईन." उजवीकडे लिहिलं, "बिल मागितलं. ४२ साईज नव्हती, ४४ दाखवली, मी म्हणालो मोठी होते, मग दुसरा रंग दिला. बोलताना आवाज बारीक निघाला." बस, एवढंच. अशी पानं भरत गेली की मेंदूला पुरावा मिळतो, आणि मेंदू पुराव्याशिवाय ऐकत नाही, आरशासमोर उभं राहून "मी कॉन्फिडन्ट आहे" असं कितीही वेळा म्हटलं तरी.

डावीकडचं जेवढं नेमकं लिहाल तेवढा फायदा. "काहीतरी वाईट होईल" असं लिहिलं तर उजवीकडे तपासणार काय?

मी खूप वेळा प्रयत्न केला, लोकांत जातोच आहे की रोज, तरी भीती जात नाही. माझ्या बाबतीत हे चालत नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही लोकांत जाता, पण कसे जाता ते बघा. मे महिन्याच्या उन्हात जर्किन घालून जाता, कारण घाम दिसायला नको. चहाचा कप दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरता, कारण हात थरथरताना दिसायला नको. मोबाईलमध्ये डोकं घालून बसता, सोबत कायम एक मित्र लागतो, वाक्य मनात चारदा घोकून मगच बोलता आणि बोललात की इतक्या घाईत की समोरच्याला निम्मं कळतच नाही. या सगळ्या बचावाच्या सवयी आहेत. त्यांचा तोटा असा की प्रसंग नीट पार पडला तरी मेंदू म्हणतो, "जर्किन होतं म्हणून वाचलो". म्हणजे श्रेय जर्किनला आणि भीती जिथल्या तिथे.

शिवाय यातल्या बऱ्याच सवयी उलट्या पडतात. कप घट्ट धरला की हात जास्त थरथरतो. वाक्य घोकत बसलं की समोरचा काय म्हणाला ते ऐकूच येत नाही, मग उत्तर तुटक जातं, आणि समोरच्याला वाटतं याला आपल्यात इंटरेस्ट नाही किंवा शिष्ट आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली हे गणित नीट मांडलं, की लक्ष आत वळतं, बचावाच्या सवयी चालू होतात, आणि त्यामुळे भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही. आजच्या सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, सोशल अँग्झायटीवर जे काम होतं त्यातलं बरंच यावर उभं आहे.

मग करायचं काय, तर आपल्या सवयी शोधायच्या आणि एका वेळी एक सोडायची. पुढच्या वेळी कप एका हाताने, सैल धरा, आणि लक्ष मुद्दाम बाहेर न्या, समोरच्याच्या शर्टाचा रंग काय, तो गावचं नाव काय म्हणाला, पंख्याचा आवाज येतोय का. अजून एक करून बघा. दोन मिनिटं बोलतानाचा स्वतःचा व्हिडिओ काढा, पण बघायच्या आधी कागदावर लिहा की त्यात काय काय दिसेल. बहुतेकांनी लिहिलेलं असतं की थरथर दिसेल, चेहरा लालबुंद दिसेल, आणि व्हिडिओत एक साधासा माणूस बोलताना दिसतो.

सराव कुठून सुरू करू? नाशिकमधलंच काहीतरी सांगा.

मिसळीपासून करा. खरंच सांगतेय. आपल्याकडे रविवारी मिसळीच्या ठिकाणी काय गर्दी असते माहितीये ना, त्या गर्दीत वाढणाऱ्या दादाला हाक मारून दुसऱ्यांदा कांदा-लिंबू मागायचं. पुढच्या वेळी, "दादा, रस्सा गार झालाय, जरा गरम देता का?" एवढं वाक्य. ज्यांना ही भीती नाही त्यांना यात काय एवढं असं वाटेल, पण ज्यांना आहे त्यांना माहितीये की गार रस्सा गुपचूप खाऊन उठणं किती सवयीचं झालेलं असतं.

मग सिटीलिंकच्या बसमध्ये शेजारच्याला विचारा ही निमाणीला जाते का, उत्तर माहिती असलं तरी. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज दिसणाऱ्या एकाच माणसाला आधी नुसती मान हलवा, काही दिवसांनी "आज थंडी आहे" म्हणा, नाशिकमध्ये डिसेंबरात हे वाक्य कोणालाही चालतं. भाजी घेताना एकदा भाव करा आणि एकदा भाव करून न घेता निघा, हे दुसरं फार अवघड जातं लोकांना, बघा करून.

जरा पुढे गेलात की मग सावाना आहे, १८४० सालापासून चालू असलेलं आपलं सार्वजनिक वाचनालय, तिथे काऊंटरवर पुस्तक शोधून द्यायला सांगा, कार्यक्रमाला जा. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे मागच्या खांबाला टेकून उभं न राहता मध्ये खुर्चीवर बसा, आणि संपल्यावर वक्त्याला जाऊन एक वाक्य सांगा की अमुक मुद्दा आवडला. एवढ्या गर्दीत कोणी तुमच्याकडे बघतही नसतं.

क्रम तुमचा तुम्ही लावा. शून्य ते दहा असे भीतीला मार्क द्या आणि तीन-चार मार्कांच्या गोष्टीपासून सुरुवात करा, दहावाली पहिल्याच दिवशी नको. आणि एकच गोष्ट एकदा करून सोडायची नाही, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांसमोर परत परत करायची.

मुद्दाम चूक करून बघा असं कोणीतरी सांगितलं. हे काय वेड्यासारखं?

वेड्यासारखं वाटतं पण यामागे मोठा माणूस आहे. अल्बर्ट एलिस, ज्यांनी आरईबीटी ही पद्धत काढली, आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. ते एकोणीस वर्षांचे असताना बायकांशी बोलायला जाम घाबरायचे, म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलायचं असं ठरवलं आणि एका महिन्यात शंभर जणींशी बोलले. त्यांनी स्वतःच सांगितलंय की एकीनेच भेटायला हो म्हटलं आणि तीही आली नाही. पण भीती गेली, कारण शंभर वेळा नकार येऊनही काही बिघडलं नाही हे त्यांनी स्वतः बघितलं. पुढे ते पेशंटला पण लाज वाटेल असे, कोणाला त्रास न होणारे प्रयोग करायला लावायचे.

आमच्या गटात याची नाशिक आवृत्ती अशी आहे: सीबीएसच्या स्टँडवर उभं राहून कोणालातरी विचारायचं, "सीबीएस कुठंय?" लोक हसतात, कोणी खाली बोट दाखवतं, एक आजी म्हणाल्या "बाळा, जेवलास का सकाळचं?" आणि संपलं. मुलींनी असे प्रयोग गर्दीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी आणि बायकांनाच विचारून केले तर बरं, आणि कुठेही असुरक्षित वाटलं तर निघून यायचं, ती भीती वेगळी आणि ती ऐकायची असते.

मी सटाण्याकडचा, घरी अहिराणी बोलतो. नाशिकला कॉलेजात तोंड उघडलं की हसतात, म्हणून बोलणंच बंद केलंय.

पहिलं म्हणजे हसणाऱ्यांची चूक आहे, तुझी नाही. बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव इथून दरवर्षी कितीतरी मुलं नाशिकला शिकायला येतात, सुरगाणा-पेठची, तिकडची आदिवासी कोकणी बोली बोलणारी मुलं येतात, आणि पहिलं वर्षभर वर्गात गप्प बसतात, हुशार असून. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरं, हसले तरी प्रत्येक हसणं टिंगल नसतं, पण टिंगल असेल तेव्हा काय म्हणायचं ते ठरवून ठेव. "हो, आमच्याकडे असंच बोलतात. तर मी काय सांगत होतो..." आणि पुढे बोलत राहायचं. यात माफी नाही आणि भांडण पण नाही. आणि गावाकडचा एक जरी मित्र वर्गात असेल तर त्याच्याशी कॅन्टीनमध्ये मोठ्याने अहिराणीतच बोल, लपवून कुजबुजत नको. लपवत राहिलास की मेंदूला वाटतं खरंच लपवण्यासारखं काहीतरी आहे.

इंटरव्ह्यू इंग्लिशमध्ये आहे, ततपप होतं.

इथे दोन गोष्टी एकत्र झाल्यात, भाषा कच्ची आणि भीती पक्की. भाषेला भाषेचा सराव, स्वतःची ओळख, प्रोजेक्ट, मागची नोकरी एवढं तरी मोठ्याने बोलून तयार करा, पाठ नको, पाठ केलेलं एक शब्द अडला की सगळं अडतं. आणि प्रश्न कळला नाही तर "परत सांगता का" म्हणायचा सराव करा, मित्राला मुद्दाम पुटपुटत प्रश्न विचारायला सांगा. थांबून, सावकाश, साधी वाक्यं बोललात तर तेवढ्यामुळे सहसा कोणी नोकरी नाकारत नाही, घाईत गिळलेली वाक्यं जास्त महाग पडतात.

फोन वाजला की उचलवत नाही.

रोज एक छोटा कॉल ठरवा, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे, गॅसची गाडी कधी येणार, एवढाच. मेसेज टाकून भागत असेल तिथे पण कॉल.

कंपनीत मीटिंग असते, मला मुद्दा सुचतो पण बोलेपर्यंत दुसराच बोलून जातो.

मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी बोला, प्रश्न असला तरी चालेल. जेवढा उशीर तेवढं तोंड उघडणं जड होत जातं. आणि "चुकीचं असेल तर सोडून द्या, पण" असली सुरुवात बंद करा. प्लांटवर रोज मशीनसमोर उभे राहणारे तुम्ही आहात, बेअरिंगचा आवाज बदललाय हे तुम्हालाच आधी कळतं, ते सांगायला माफी कशाला?

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात माझं काय होतं ते मलाच माहिती. काही उपाय?

घरच्यांना सांगा की पंधरा माणसांसमोर पहिली भेट नको, आधी दोघांनाच कुठेतरी चहा घेऊ दे. आजकाल बरीच घरं तयार होतात. तिथे "छान दिसायचं" हे काम डोक्यातून काढून "हा माणूस कसा आहे ते बघायचं" हे काम घ्या, दोन-तीन खरे प्रश्न मनात ठेवा, पगार सोडून. आणि समोरचा पण तेवढाच घाबरलेला असतो, त्याच्या हातातल्या बशीतला चमचा कसा वाजतोय ते बघा.

बोलून आल्यावर रात्रभर तेच आठवतं, मी असं का बोललो.

हे जवळपास सगळ्यांचं होतं आणि भीती परत भरण्याचं काम हेच करतं, कारण रात्रीच्या त्या उजळणीत फक्त अडखळलेलं वाक्य असतं, समोरचा हसून बोलला ते नसतं. वहीत उजवा रकाना भरा, जे झालं तेवढंच, कसं वाटलं ते नको, आणि वही बंद. परत विचार आला तर उठून काहीतरी हाताने करा, भांडी लावा, इस्त्री करा. मैत्रिणीला "मी विचित्र बोलले का गं?" असं दहादा विचारू नका, तीही बचावाचीच सवय आहे.

माझा मुलगा नववीत आहे, पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो. रागावू का?

रागावू नका ताई, आणि पाहुण्यांसमोर "आमचा हा फार लाजाळू आहे हो" हे तर अजिबातच नको, पोरं ते वाक्य अंगाला चिकटवून घेतात. पण उलटं पण नको. त्याच्या वतीने सगळं तुम्हीच बोलता का ते बघा, दुकानात, डॉक्टरकडे, शाळेत सरांशी. डॉक्टरने "काय होतंय" विचारलं की आई उत्तर देते, हे मी नेहमी बघते. थोडं थांबा, शांतता अवघड वाटली तरी, त्याला बोलू द्या. पाहुण्यांना पाणी नेऊन देणं एवढंच काम आधी द्या, मग बसणं, मग एका प्रश्नाचं उत्तर. शाळेत जायलाच नको म्हणत असेल तर मात्र नुसता स्वभाव म्हणून सोडू नका, आणि कोणी त्रास देतंय का ते आधी शांतपणे विचारा.

पार्टीत दोन पेग घेतले की मस्त बोलता येतं. मग काय हरकत आहे?

हरकत ही की श्रेय पेगला जातं, परत तेच जर्किनवालं झालं. आणि ज्यांना सोशल अँग्झायटी असते त्यांना दारूची सवय लागायचा धोका जास्त असतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर घालमेल आधीपेक्षा वाढते ते वेगळंच.

गोळ्या घ्याव्या लागतात का? सवय लागते का?

सगळ्यांना लागत नाहीत. त्रास मध्यम असेल तर बऱ्याच वेळा नुसत्या सीबीटीने पण चांगला फरक पडतो, साधारण बारा ते सोळा सेशन धरा. डॉक्टर बहुतेक वेळा एसएसआरआय गटातली (चिंता आणि नैराश्यावर वापरतात ती) गोळी देतात, तिचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडायची नाही आणि बरं वाटलं म्हणून मनानेच एकदम बंद पण करायची नाही. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. सवय लागू शकते ती झोप आणणाऱ्या, लगेच शांत करणाऱ्या काही गोळ्यांची, त्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच दिवस. भाषणाआधी धडधड कमी करणारी गोळी मित्राकडून घेणारे पण भेटतात, प्लीज असं करू नका, दमा असेल तर ती धोक्याची आहे.

कुठे जाऊ? खर्च परवडत नाही.

१४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. फोन करायचीच भीती वाटते असं म्हणाल तर घरच्या कोणालातरी शेजारी बसवून लावा, या एका कॉलला सगळ्या बचावाच्या सवयी माफ. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. खाजगीत जाणार असाल तर पहिल्याच भेटीत विचारा की तुम्ही सीबीटी किंवा आरईबीटी करता का, घरी करायला काही देता का. जगणंच नको असे विचार येत असतील तर हे पान बाजूला ठेवून आत्ताच्या आत्ता १४४१६ लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलला जा, घरच्या एका माणसाला सांगून.

दोन दिवसांचा पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा सेमिनार करू का?

भरपूर टाळ्या आणि जोरात म्युझिक असलेल्या हॉलमध्ये दोन दिवस भारी वाटतं, मंगळवारी ऑफिसात परत तेच. पैसे असतील आणि तिथे प्रत्येकाला खरंच बोलायला मिळणार असेल तर करा, नुसतं ऐकायचं असेल तर नको.

मी मुळातच कमी बोलणारी आहे. मला बडबडी व्हायचं नाहीये.

नका होऊ. कमी बोलणं आवडतं म्हणून कमी बोलत असाल तर काहीच दुरुस्त करायचं नाहीये. बोलायचंय आणि भीतीमुळे बोलता येत नाहीये, एवढ्यासाठीच हे सगळं.

छान चाललं होतं, मध्ये आजारी पडलो, महिनाभर घरीच होतो आणि भीती परत आली. सगळं वाया गेलं का?

वाया काही गेलं नाही, सराव थांबला की भीती थोडी वर येतेच, आणि दुसऱ्या वेळी ती पहिल्यापेक्षा लवकर उतरते हे गटात कित्येकांच्या बाबतीत बघितलंय. जिथे थांबला होतात तिथून दोन पायऱ्या खाली या, म्हणजे व्याख्यानाला प्रश्न विचारत होतात तर परत बसमधल्या शेजाऱ्यापासून सुरू करा, आठवडाभर सोपंच करा. जुनी वही फेकली नसेल तर उजवे रकाने एकदा वाचून काढा, मग नवीन पान घ्या, आजची तारीख टाका आणि उद्या कोणाशी काय बोलणार ते डावीकडे लिहा.